धावताना सुचतं, दारात विरतं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ ४३ वर्षांचे, राहायला नाशिकरोडला, नोकरी अंबडच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. कॉलेजात कविता करायचे, मग वीस वर्षं एक ओळ लिहिली नाही. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, त्याच सुमारास तपासणीत साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांच्या धाकानं हे पळायला लागले. आता आठवड्यातून चार दिवस देवळाली कॅम्पच्या दिशेनं आठ-दहा किलोमीटर होतात, एक हाफ मॅरेथॉनही झाली. गेल्या काही महिन्यांपासून मात्र पळताना वाक्यं सुचू लागली आहेत. ते लिहितात, "अख्खा परिच्छेद डोक्यात तयार असतो, घरी येऊन वही उघडली की काही म्हणजे काही उरत नाही. हे सुचणं खरं आहे की नुसती धुंदी? लिहायचंच तर कशावर, धावण्यावरच का? आणि माळ्यावरची जुन्या कवितांची वही काढू का?"

मी ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवलं. गेली पंधरा वर्षं पळतेय, आणि निवृत्तीनंतर हौशी लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं वाचून त्यावर लाल शाई सांडणं हा माझा उद्योग आहे. मॅरेथॉनचं मेडल माझ्याकडे एकच आहे आणि टायमिंग विचारू नका. हे आधी सांगितलं, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

सुरुवात "उरत नाही"पासून करते. तुम्ही दिनक्रम कळवलात ते फार बरं केलंत, कारण गळती नेमकी कुठं आहे ते त्यात स्वच्छ दिसतंय. सव्वापाचला बाहेर, साडेसहाला परत. दारात बूट काढता काढता घड्याळ थांबवायचं, स्ट्रावावर, म्हणजे पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर, किती झालं ते बघायचं, घामेजल्या चेहऱ्याचा फोटो आणि "आज मस्त झालं, वालदेवीच्या पुलावर धुकं होतं" असं ग्रुपवर टाकायचं. मग अंगठे, मग टाळ्या, मग चहा, दूध, आंघोळ, कंपनीची बस. वही उघडायची ती रात्री साडेनऊला.

अहो, तुम्ही सकाळीच लिहून मोकळे झालात की! "वालदेवीच्या पुलावर धुकं होतं" हे तुमचं त्या दिवसाचं लेखन होतं. ते चौदा लोकांनी वाचलं, वाफ निघून गेली. लिहिण्याची ऊर्मी ही बऱ्याच अंशी कुणाला तरी सांगण्याची ऊर्मी असते आणि ती एका वाक्यातही भागते, हीच अडचण आहे. रविवारच्या ग्रुप रनची तऱ्हा तर त्याहून वाईट. लाँग रनमध्ये सुचलेलं जे काही असेल ते मिसळीच्या टेबलावर रश्श्यात विरघळतं. मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही, नाशकात राहून असं म्हणू नये. पण ग्रुपवर टाकायच्या आधी वहीत गेलं पाहिजे, एवढी एकच शिस्त महिनाभर पाळून बघा.

आता ही धुंदी आहे का? थोडी आहे, पण त्यानं सुचणं खोटं ठरत नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ या दोघांनी चालणं आणि सुचणं यावर काही प्रयोग प्रसिद्ध केले. बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी साठ टक्के जास्त सुचल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला, म्हणजे ही निव्वळ झाडाफुलांची आणि मोकळ्या हवेची किमया नव्हे. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, चालणं थांबवून बसल्यावरही तो परिणाम थोडा वेळ टिकला. तो थोडा वेळ म्हणजे तुमचं दारात बूट काढणं, जे तुम्ही फोनला देऊन टाकता. दुसरी, ज्या कोड्याला एकच नेमकं उत्तर असतं अशा कोड्यांत चालणारे सरस ठरले नाहीत, उलट किंचित मागे पडले. म्हणजे चालताना सुचेल, पण योग्य शब्द निवडणं, काटछाट करणं, हे बसूनच करायचं काम. प्रयोग चालण्याचे होते, पळण्याचे नव्हेत, हेही ध्यानात असू द्या.

पळताना सुचायचं तर वेग कोणता हवा, याचं माझं माप साधं आहे. पूर्ण वाक्य न तोडता बोलता येईल इतका. व्यायामाच्या दृष्टीनंही सावकाश पळण्याची हीच खूण सांगतात. जे वाक्य तोंडातून निघू शकत नाही ते डोक्यातही धड बनत नाही. ज्या दिवशी इंटरव्हल, म्हणजे मध्ये मध्ये दम घेत जोरात पळायचे टप्पे, असतील त्या दिवशी सुचण्याची वाट बघू नका, त्या दिवशी फक्त "आई गं" सुचतं.

खरं तर या गोष्टीसाठी स्टॅनफर्डला जायची गरज नव्हती. आपल्याकडे बायका हेच करत आल्या. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईचे दोन्ही हात खुंट्यावर, शरीर एका लयीत पुढे-मागे, आणि त्या फेऱ्यांत ओवी. गी पॉयट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. मग ओव्या टिकल्या कशा? त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जात्यावर, त्याच लयीत म्हटल्या जात. शेजारीण उचलून धरी, एखादा शब्द बदली. यातलं आपल्याला घेण्यासारखं हे की लय ही आठवणीची खुंटी आहे. तुमचं वाक्य घरी पोचेपर्यंत विरतं कारण ते तुम्ही एकदाच मनात म्हणता आणि पुढच्याकडे वळता. तसं करू नका. एक वाक्य धरा आणि ते पावलांवर चार-पाचदा म्हणा, ओठ हलले तरी चालतील. देवळाली कॅम्पच्या रस्त्यावर पहाटे पुटपुटत जाणारा माणूस बघून फार तर लोकांना वाटेल की स्तोत्र म्हणतोय.

माझी स्वतःची लय सांगते. सावकाश पळताना मी तीन पावलं श्वास आत घेते, तीन पावलं बाहेर सोडते. सहा पावलांचं एक आवर्तन. आणि 'मोठा अभंग' नावाचा जो छंद आहे, त्याच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं असतात, चौथ्यात चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. यात काही गूढ नाही, योगायोग आहे. पण तो वापरायला कुणाची बंदी नाही. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून नाशकातून पंढरपूरला जाते, तेव्हा दिंडीतले पाय आणि टाळ एकदा नुसते ऐका, मी काय म्हणते ते कळेल. तुमचं पत्र वाचल्यावर परवा सोमेश्वरपर्यंत जाताना मी तुमच्यासाठी म्हणून, पत्रातल्या वडलांच्या सायकलच्या घंटीवर, एक अभंग जुळवला:

वडलांची घंटी
वालदेवीकाठी
उरली का पाठी
धुक्यामध्ये

उत्तम नाही. पण मोजून आहे, आणि सात किलोमीटर डोक्यात टिकला. तुम्ही कवितेतून आलेले आहात, तुम्हाला हे लवकर साधेल. मात्र याला कविता समजून कुणाला पाठवू नका, हे नुसतं वाक्य बांधून ठेवायचं दावं आहे. घरी पोचून दावं सोडायचं आणि गद्यात लिहायचं.

घरी पोचल्यावरचं सांगते. चपलांच्या स्टँडवर एक शाळेची दोनशे पानी वही आणि शिसपेन्सिल ठेवा. पेन नको, घामट हाताखाली शाई पसरते आणि ओलसर कागदावर जेलपेन चालतच नाही. बूट सोडायच्या आधी, उभ्याउभ्या, दहा मिनिटं. पहिल्या दोन मिनिटांत फक्त नामं लिहा: सायकल, पूल, धुपाचा वास, मिलिटरीचा ट्रक, पिवळा दिवा. विशेषणं लिहू नका, ती मागाहून केव्हाही मिळतात आणि बहुधा नकोच असतात. नामं हातात असली की वाक्य परत येतं. नेमकं तेच वाक्य येईल असं नाही, पण जे येतं ते बहुतेकदा जास्त बरं असतं. डोक्यातला "अख्खा तयार परिच्छेद" हा प्रकार मी स्वतः कधी कागदावर उतरलेला पाहिलेला नाही. तो परिच्छेद नसतोच, त्याची चाल असते. मोबाइलवर बोलून ठेवा असं हल्ली बरेच जण सुचवतात. मी करून पाहिलं. नंतर ऐकताना आपल्याच धापा ऐकून इतकी लाज वाटते की माणूस दोन दिवस लिहीत नाही.

दहा मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबा. अर्धं राहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी पळताना आपोआप बरोबर येतं.

कशावर लिहायचं, इथं मला जरा तिखट बोलावं लागेल. धावण्यावर लिहू नका. निदान सहा महिने तरी नको. सकाळचा अलार्म, अंथरुणातली ओढाताण, मग निघालो, मग दहाव्या किलोमीटरला पाय जड झाले, मग मनानं उभारी धरली, मग फिनिश लाइन: हा लेख मी किमान ऐंशीदा वाचलाय आणि दोनदा लिहिलाय. नाशिकनं देशाला खरी धावपटू दिलेली आहे. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तिच्या पायांबद्दल लोकांनी वाचावं. तुमच्या-माझ्या पायांत कुणाला रस असायचं कारण नाही. आपल्यापाशी सांगण्यासारखं जे आहे ते वेगळं आहे. शहर ज्या वेळी कुणी बघत नसतं त्या वेळी आपण त्यातून माणसाच्या वेगानं जातो. दुचाकीवरून दिसत नाही असं खूप काही आपल्याला दिसतं.

मी पुन्हा लिहायला लागले ती अशीच. शिकवण्याच्या नादात अकरा वर्षं स्वतःचं काही लिहिलं नव्हतं. एका डिसेंबरात थंडी कडाक्याची पडली होती आणि मी गंगापूर गावावरून गिरणाऱ्याच्या रस्त्याला लागले. अंधारात रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबवर लहान लहान जाळ दिसत होते. मला आधी काही कळेना. मग लक्षात आलं, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्यात. मणी तडकू नयेत म्हणून माणसं रात्रभर बागेला ऊब देत बसली होती. एका बांधावर एक म्हातारा घोंगडीत बसून जाळात पाचट सारत होता. मी समोरून गेले तर म्हणाला, "बाई, एवढ्या थंडीत कुणाच्या मागं लागल्या?" पुढे गिरणाऱ्याच्या नाक्यावर कामाच्या आशेनं पेठ-हरसूलकडून आलेले मजूर जमायला लागले होते, पायांत स्लिपर, डोक्याला फडकी.

घरी येऊन मी चार पानं लिहिली. एका जुन्या मैत्रिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "यात तू फार धापा टाकतेस. म्हातारा कुठंय?" चार पानांत म्हाताऱ्याला तीन ओळी होत्या, उरलेलं सगळं माझी थंडी, माझा श्वास, माझं भारावणं. मी ती पानं फाडली आणि फक्त म्हाताऱ्याच्या त्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात केली. एक पान झालं. त्या पानात मी कुठं पळतेय हेसुद्धा लिहिलेलं नाही.

तुम्हाला तर इतकं लांब यायचीही गरज नाही. नाशिकरोडहून कॅम्पकडे जाताना तुम्ही रोज विहितगाव ओलांडता. बाबुराव बागुलांचा जन्म तिथला, १९३० सालचा. मराठी कथा त्यांच्यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही. हे गाव तुमच्या स्ट्रावाच्या नकाशावर तिसरा किलोमीटर म्हणून नोंदलं जातं. उद्या तिथं जरा वेग कमी करून बघा, घरं कशी आहेत, कुणाच्या ओट्यावर दिवा आहे, पहाटे साडेपाचला कोण जागं आहे आणि का.

आणि मोजमाप गावाचं वापरा. पुराच्या वेळी गोदावरीला किती क्युसेक सोडलं हे पेपरात येतं, पण नाशिककर विचारतो, "पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय?" नदीपात्रातल्या त्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, त्यावरून त्याला सगळं कळतं. तुमच्या लेखात "५ः५० चा पेस" (एका किलोमीटरला लागलेला वेळ) आला तर वाचणाऱ्याला काही दिसत नाही. "दूधवाल्यानं तीन बिल्डिंगा उरकल्या तेवढ्यात मी पूल गाठला" असं आलं तर दिसतं.

पत्रातली एक गोष्ट तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेली नाही. चार पानांत वडील नऊ वेळा आले आहेत, मी मोजले. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, पोस्टाची तिकिटं छापणाऱ्या विभागात, सायकलनं जायचे, घंटी दुरून ओळखू यायची. पळताना सुचतं ते बहुतेक त्यांच्याबद्दलच असतं आणि म्हणून वही उघडवत नाही, असं मला वाटतं. माझा अंदाज चुकला असेल तर हा भाग सोडून द्या.

बरोबर असेल तर दोन प्रकारचं लिहिणं वेगळं ठेवा. एक स्वतःपुरतं. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यासह १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना बरं वाटलं नाही, उलट वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की लिहिल्यावर रडू आलं, दिवस जड गेला, म्हणजे चुकलं असं नाही. हे लिहिणं शुद्धलेखन न बघता करा, कुणाला दाखवू नका, हवं तर फाडून टाका. त्या दिवशी लाँग रन ठेवू नका. आणि जड वाटणं आठवडेच्या आठवडे हटेनासं झालं तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोला, साखरेबद्दल बोलता तितक्याच सहज.

दुसरं वाचणाऱ्यासाठीचं. त्यात दुःख लिहायचं नाही, सायकल लिहायची. कोणत्या कंपनीची, कॅरिअरला काय बांधलेलं असायचं, घंटी कुठल्या वळणावर वाजायची, डबा कोणत्या बाजूला, पावसात सीटवर काय घालायचे. हे तपशील आईला विचारा, थोरल्या बहिणीला विचारा. तुमच्या आणि त्यांच्या आठवणी जुळणार नाहीत, आणि जिथं जुळत नाहीत तिथंच गोष्ट असते. अशी पानं मी कितीतरी वाचली. "बाबांची खूप आठवण येते" असं लिहिलेलं वाचून मला कधी काही झालं नाही. एका मुलानं लिहिलं होतं की वडील गेल्यावर त्यांचा चष्मा त्यानं रोज पुसून ठेवला. तेव्हा मात्र मला वही मिटावी लागली.

जुनी वही आत्ता काढू नका. वीस वर्षांपूर्वीच्या कविता वाचून माणूस एकतर शरमेनं लिहिणं सोडतो, नाहीतर प्रेमात पडून त्याच चालीवर लिहू लागतो. दोन्ही वाईट. पन्नास पानं नवीन भरली की काढा.

विश्रांतीचा दिवस दुरुस्तीला ठेवा. तुम्ही क्वालिटीतले आहात, नग बाद करायची तुम्हाला सवय आहे, तीच इथं वापरा. आठवड्याच्या चार पानांतून एक निवडायचं आणि त्यातली पहिली तीन वाक्यं खोडून बघायचं. नव्वद टक्के वेळा लेख चौथ्या वाक्यापासून सुरू होतो, आधीचा सगळा वॉर्म-अप असतो. मग मोठ्यानं वाचा. जिथं श्वास अडेल तिथं वाक्य मोडा. दाखवायचंच झालं तर पळणाऱ्या मित्रांना दाखवू नका, ते कौतुकच करतील. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून या गावात आहे, तिथं वाचणारी माणसं येतात. त्यांतला एखादा खडूस शोधा.

पायांचंही तसंच. लिहिणं जमतंय म्हणून किलोमीटर वाढवू नका. "जास्त पळालो तर जास्त सुचेल" या नादात मी एकदा पिंढरी दुखावून घेतली. सहा आठवडे ना पळणं, ना लिहिणं. नंतर कळलं की नुसतं चालायला गेले असते तरी भागलं असतं.

पहिलं पान झालं की पाठवा. विषय मीच देते: पहाटे साडेपाचला विहितगावात जागा असलेला एक माणूस. दीडशे शब्द. त्यात तुम्ही असता कामा नये, आणि किती किलोमीटर झाले तेही नको.